दारात आलेलं मांजर: या चुका टाळा

अनोळखी मांजर दारात येऊन बसलं की बहुतेक घरांत दोन गोष्टी लगेच होतात. दुधाची वाटी पुढे येते आणि मांजराला उचलून आत घेतलं जातं. दोन्ही मायेपोटीच होतं, पण दोन्हींत घाई असते. उलट जिथे खरंच धावायला हवं, म्हणजे पिल्लू गार पडलंय, बोका लघवीसाठी कुंथतोय, कुणाला दात लागलाय, तिथे मात्र "उद्या बघू" म्हणत दिवस निघून जातो. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका या दोहोंपैकी कशात तरी बसतात.

ते कुणाचं आहे हे न बघताच दार लावून घेणं

दारात आलेलं प्रत्येक मांजर बेवारस नसतं. एखादं हरवलेलं असतं, एखादं शेजारचं फिरस्तं असतं, एखाद्याची तर चार घरी जेवणाची सोय असते. शेपटी ताठ उभी करून जवळ येणारं, पायाला अंग घासणारं, म्यांव करून हाक मारणारं मांजर माणसांत राहिलेलं असतं. माणसाची सवय नसलेलं मांजर जमिनीसरशी दबून राहतं, नजर चुकवतं आणि सहसा आवाजही करत नाही. पण भेदरलेलं पाळीव मांजरही सुरुवातीचे काही दिवस असंच वागतं, म्हणून पहिल्या भेटीत निष्कर्ष काढू नका. एका कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर त्याची नसबंदी झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणजे आजवर कुणीतरी त्याची काळजी घेतली आहे.

मांजर हात लावू देत असेल तर साध्या कागदाची सैल पट्टी गळ्यात घाला. त्यावर "हे मांजर तुमचं आहे का?" एवढं आणि फोन नंबर लिहा. पट्टी कुठे अडकली तर फाटून जाते, गळ्याला फास बसत नाही. मालक असेल तर तो फोन करतो. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलंत तर मालकाची ओळख पटवणारी चिप आहे का तेही तपासायला सांगा. ती खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवलेली असते, बाहेरून दिसत नाही.

मादी असेल तर आणखी एक गोष्ट आधी बघा: तिचं पोट. आचळं मोठी झालेली, गुलाबी, भोवतालचे केस झडलेले असतील तर ती पिल्लांना पाजते आहे. तिला दयेपोटी घरात कोंडलंत तर कुठेतरी आडोशाला तिची पिल्लं उपाशी राहतील. तिला खाऊ घाला, जाऊ द्या आणि लांबून ती कुठे जाते ते बघा. पिल्लं सापडली की सगळ्यांना एकत्र आत आणता येतं. ही चूक मला सगळ्यांत गंभीर वाटते, कारण ती करणाऱ्याला कधी कळतही नाही.

दूध

बहुतेक मोठ्या मांजरांना गाईचं दूध पचत नाही. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवणारं द्रव्य त्यांच्या पोटात कमी होत जातं. मग दूध प्यायल्यावर जुलाब होतात, आणि आधीच अशक्त असलेलं मांजर जुलाबाने आणखी सुकतं. ते आवडीने पितं, म्हणून ते त्याला मानवतं असं नाही. पहिल्या दिवशी स्वच्छ पाणी आणि मांजरांसाठीचं तयार खाणं पुरे. ते हाताशी नसेल तर मीठ-मसाला न घातलेलं, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन तात्पुरतं चालतं. कांदा किंवा लसूण पडलेलं काहीही नको, त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

कुत्र्याचं खाणं एखाद्या वेळी दिलं तर बिघडत नाही, पण रोज त्यावर ठेवू नका. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य पुरेसं तयार करता येत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर काही महिन्यांनी डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू खराब होतात.

बरगड्या दिसत असतील तर भरलेली ताटली पुढे ठेवण्याचा मोह होतो. तो आवरा. बऱ्याच दिवसांच्या उपाशी पोटाला एकदम भरपूर खाणं घातक ठरू शकतं. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा द्या. अगदी हाडांचा सापळा झालेलं मांजर असेल तर पहिल्या खाण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

कपाटाखालून ओढून काढणं

आत आलेलं मांजर पलंगाखाली किंवा कपाटामागे जाऊन बसतं, आणि घरातले हात घालून त्याला बाहेर काढायला बघतात. लपणं हे त्याचं स्वतःला सावरणं आहे. एक लहान खोली द्या, त्यात आडवं ठेवलेलं खोकं, पाणी, खाणं आणि या सगळ्यापासून लांब लिटरचा, म्हणजे शी-शूसाठीच्या वाळूचा, ट्रे. त्याच्याकडे टक लावून बघू नका, मांजरांत ती धमकी समजली जाते. जमिनीवर तिरकं बसा आणि नजरानजर झाली तर सावकाश डोळे मिटून उघडा. हात पुढे नेण्याऐवजी तिथेच ठेवा, वास घ्यायचा की नाही ते त्याला ठरवू द्या.

किती दिवस लागतील? काहींना एक संध्याकाळ पुरते, काहींना महिने लागतात. तोवर लक्ष ठेवायचं ते ताटलीवर आणि ट्रेवर. रात्रीतून खाणं संपतंय आणि ट्रे वापरला जातोय तर ते कितीही लपलेलं असलं तरी काळजी नको. पूर्ण दिवस उलटून काहीच खाल्लं नाही तर मात्र थांबू नका. उपासात शरीरातली चरबी यकृतात साठते आणि यकृत निकामी होऊ लागतं. लठ्ठ मांजरात हे जास्त पटकन होतं.

पिल्लं सापडली, उचलून आणली

पिल्लं एकटी दिसली म्हणजे ती अनाथ असतीलच असं नाही. आई खाणं शोधायला काही तास जाते, किंवा एकेक करून त्यांची जागा बदलत असते. स्वच्छ, पोट भरलेली, एकमेकांना बिलगून झोपलेली पिल्लं दिसली तर आई येते-जाते आहे असं समजा. मळलेली, पोट खपाटीला गेलेली, सारखी रडणारी पिल्लं असतील तर वेगळा विचार करायला हवा. शंका असेल तर जागेभोवती पिठाची पातळ रेघ ओढा आणि लांब जा. काही तासांनी पावलांचे ठसे सगळं सांगतात. पिल्लांना माणसाचा हात लागला की आई त्यांना टाकते, हा समज खोटा आहे. पण वारंवार डोकावलं तर ती त्यांना तिथून हलवते. धोका समोर असेल, म्हणजे रहदारी, कुत्री, पाणी, तर मात्र वाट बघत बसू नका.

आई खरोखरच नसेल तर पहिली चूक होते ती दूध पाजण्याची. हाताला गार लागणाऱ्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, खाणं नंतर. गार पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही, दूध तसंच पडून राहतं. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी सोडा, म्हणजे चटका वाटला तर पिल्लू सरकू शकेल. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवतीची हवा ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असावी लागते, कारण स्वतःची ऊब टिकवणं त्याला अजून जमत नाही.

अंग गरम झाल्यावर मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर कोमट पाण्यात कालवून लहान बाटलीने द्या. पिल्लू पोटावर पालथं हवं, आईला पिताना असतं तसंच. बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो. हाताने वाढवलेली कितीतरी पिल्लं यानेच जातात. ड्रॉपरने भराभर सोडणंही तेवढंच वाईट. पहिले दोन आठवडे दर २ ते ३ तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पिल्लांना आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते. म्हणून प्रत्येक पाजण्यानंतर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसत राहा. हे न केल्याने पोट फुगून पिल्लू दगावतं, आणि घरच्यांना वाटतं की दूध सोसलं नाही.

वय डोळ्यांवरून ओळखा. मिटलेले असतील तर साधारण दहा दिवसांच्या आतलं, चालायला लागलं असेल तर तीन आठवड्यांच्या पुढचं. चार आठवड्यांनंतर मऊ ओलं खाणं चाटायला देता येतं. रोज एकाच वेळी वजन करा. दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. एक दिवस वजन वाढलं नाही तर सावध व्हा, घटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पिसवा भरपूर असतील तर बारीक दातांच्या फणीने काढा. लहान पिल्लाचं रक्त त्या इतकं पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात. पण पिसवांसाठी त्याला आंघोळ घालून गारठवू नका.

घरातलं औषध देणं

पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही. ते निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते. एका गोळीनेही रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि मांजर मरू शकतं. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनही स्वतःच्या मनाने नको. कुत्र्यांच्या पिसवांच्या औषधात बरेचदा पर्मेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात. पाकिटावर "मांजरांसाठी" असं लिहिलेलं असेल तरच वापरा, आणि वजनाप्रमाणे. फिनाइलने पुसलेली फरशीही यातच येते, कारण मांजर त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं. घरात लिलीची फुलं असतील तर ती बाहेर काढा. लिलीचा परागसुद्धा मूत्रपिंडं निकामी करतो.

जुन्या मांजराशी लगेच ओळख

घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. भांडी, ट्रे, फडकी सगळं वेगळं, आणि त्या खोलीतून आल्यावर हात धुवा. रुसवेफुगवे हे एक कारण आहेच, पण मोठं कारण रोगाचं आहे. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य रोगाचा विषाणू घरात वर्षभरही टिकतो, आणि लस न घेतलेली पिल्लं त्यातून क्वचितच वाचतात. उलट्या, जुलाब, ताप आणि एकदम गळून जाणं ही त्याची लक्षणं. दूषित जागा साध्या साबणाने शुद्ध होत नाही. आधी घाण धुऊन काढा, मग १ भाग ब्लीचमध्ये ३२ भाग पाणी घालून ते त्या जागेवर १० मिनिटं राहू द्या आणि पुन्हा धुवा. मांजर तोवर दुसरीकडे असू द्या. याच दोन आठवड्यांत डॉक्टरांची भेट, जंताचं औषध, लस आणि एफआयव्ही व एफईएलव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंच्या तपासण्या उरकून घ्या.

ट्रेबाहेर लघवी झाली म्हणून ओरडणं

ओरडल्याने काही होत नाही, मांजर फक्त तुम्हाला घाबरायला लागतं. ट्रे रोज साफ होतो का, खाण्याजवळ ठेवलाय का, अंगाला लहान पडतो का, वासाची लिटर घातली आहे का, हे आधी बघा. मांजरांपेक्षा एक ट्रे जास्त असावा. नसबंदी न झालेला बोका उभ्या भिंतीवर फवारा मारतो, ती ट्रेची तक्रार नसते. शस्त्रक्रियेनंतर हे बहुतेकदा कमी होतं.

बोका वारंवार ट्रेमध्ये जातोय, कुंथतोय, थेंबच पडतोय किंवा काहीच नाही, ओरडतोय, खालची जागा चाटतोय, तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. अनेकांना ते बद्धकोष्ठ वाटतं आणि ते सकाळची वाट बघतात. हे काही तासांचं काम आहे. मूत्राशय तुंबून रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडतं. रात्र असली तरी न्या.

चावा आणि ओरखडा

मांजराचे दात सुईसारखे बारीक आणि खोल जातात. वर छोटं भोक दिसतं आणि आत जंतू राहतात. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. रेबीज मांजरातूनही होतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही, म्हणून लस घ्यायची की नाही हे घरी ठरवू नका. मांजर नजरेसमोर राहील असं बघा, कारण १० दिवस ते कसं आहे यावर डॉक्टरांचे पुढचे निर्णय अवलंबून असतात. घरात गर्भवती स्त्री असेल तर मांजर बाहेर काढण्याची गरज नाही. ट्रे दुसऱ्याने रोज साफ करावा. गर्भाला धोका असतो तो विष्ठेतल्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा, आणि त्याच्या अंड्यांना रोग पसरवण्याजोगं व्हायला निदान एक दिवस लागतो, त्याआधी विष्ठा गेलेली बरी.

"एकदा तरी पिल्लं होऊ दे"

याला वैद्यकीय आधार नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यातच मादी माजावर येऊ शकते, गर्भ साधारण ९ आठवड्यांचा असतो, आणि पिल्लांना पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहते. पहिल्या माजाआधी नसबंदी झाली तर स्तनाच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. माज थांबवणाऱ्या गोळ्या हा पर्याय नाही, त्यांनी गर्भाशयात पू होतो आणि गाठी येतात.

आत राहायला तयार नसलेलं मांजर असेल तर नसबंदी आणि लस झाल्यावर त्याला त्याच्याच जागी सोडा. लांबच्या "चांगल्या" ठिकाणी नेऊन सोडलेलं मांजर परत यायला निघतं आणि वाटेत हरवतं, किंवा तिथल्या मांजरांकडून हाकललं जातं. शस्त्रक्रियेनंतर बोक्याला निदान एक दिवस, मादीला जखम कोरडी दिसेपर्यंत आत ठेवा. सोडण्याची वेळ जेवणाचीच निवडा आणि ताटली नेहमीच्या ठिकाणी ठेवा, म्हणजे संध्याकाळी ते कुठे येणार हे तुम्हाला माहीत असेल आणि टाके बघता येतील.