इंट्राडेचा तोटा रिटर्नमध्ये कसा दाखवायचा

सकाळी शेअर घेतला आणि त्याच दिवशी मार्केट बंद व्हायच्या आत विकून टाकला, डिमॅटला काही आलंच नाही (यालाच इंट्राडे म्हणतात), तर इन्कम टॅक्सच्या हिशोबात ती गुंतवणूक नाही, तो सट्टा, स्पेक्युलेशनचा धंदा. तोच शेअर डिलिव्हरी घेऊन महिन्याभराने विकला तर साधारणपणे कॅपिटल गेन. आणि फ्युचर ऑप्शन (एफ अँड ओ), ज्याला आपण सगळेच सट्टा म्हणतो, ते मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर केलं तर कायदा त्याला सट्ट्यात धरत नाही! इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो.

तर आधी ब्रोकरच्या ॲपमधून टॅक्स पी अँड एल (नफा-तोट्याचा) रिपोर्ट काढा, त्यात इंट्राडे, डिलिव्हरी, एफ अँड ओ वेगवेगळं दिलेलं असतं, ते तसंच वेगळं ठेवा, सगळ्याची एकत्र बेरीज मारू नका. पगारदार असलात तरी आयटीआर १ चालत नाही, आयटीआर ३ भरायचा. टर्नओव्हर काढताना नफा-तोटा न बघता नुसते आकडे जोडायचे, म्हणजे एका सौद्यात ४०,००० आले, दुसऱ्यात ६५,००० गेले तर टर्नओव्हर १,०५,००० आणि तोटा २५,०००. ब्रोकरेज वगैरे खर्च वर धरता येतो तो विसरू नका.

इंट्राडेचा हा तोटा पगारातून वजा होत नाही, एफ अँड ओच्या नफ्यातूनही नाही, फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून होतो. (उलटं चालतं, एफ अँड ओचा तोटा इंट्राडेच्या नफ्यातून वजा करता येतो.) यंदा नफा नसेल तर पुढची ४ वर्षं कॅरी फॉरवर्ड करता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलेलं पाहिजे, उशीर केला की तो हक्क गेला.

सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात कॅश मार्केटमध्ये इंट्राडे करणाऱ्या दर १० पैकी ७ जण २०२२-२३ मध्ये तोट्यात दिसले, म्हणजे हा प्रश्न बहुतेकांचा आहे, तरी "तोटाच झालाय, टॅक्स कुठे लागतोय" म्हणून लोक दाखवतच नाहीत आणि पुढच्या वर्षी नफा झाला की पूर्ण रकमेवर स्लॅबप्रमाणे टॅक्स भरतात. खरंच वाईट वाटतं.

सबमिट करायच्या आधी रिटर्नमधलं शेड्युल सीएफएल (पुढच्या वर्षांत न्यायच्या तोट्याचा तक्ता) उघडून तोट्याचा आकडा तिथे आलाय का बघा, आणि मग ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करा.