सर्व्हरची डिस्क भरत आलीय? डिलीट करण्याआधी हे बघा

ठाण्याची वागळे इस्टेट असो की नवी मुंबईतलं महापे, छोट्या कंपनीचा सर्व्हर म्हणजे बहुधा कोपऱ्यातलं एकच मशीन: विंडोज सर्व्हर, टॅली, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवरचं ईआरपी (बिलं-साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि सगळ्यांचं शेअर्ड फोल्डर. जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायच्या ११ तारखेच्या तोंडावर ड्राइव्हची पट्टी लाल दिसली, म्हणजे मोकळी जागा १० टक्क्यांच्या खाली गेली. अशा वेळी दिसेल ते उडवत सुटू नका. आधी जागा कोण खातंय ते शोधा.

कुठलं फोल्डर किती जागा घेतं ते दाखवणारं ट्रीसाइझ किंवा विनडरस्टॅट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर परवानगी नसलेले फोल्डर मोजलेच जात नाहीत. तरीही बेरीज जुळत नसेल तर शॅडो कॉपीचा, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्यांचा, संशय घ्या. त्यांची कमाल मर्यादा ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ठरवता येते. मर्यादा कमी केली की जुन्या आवृत्त्या जातात, हे लक्षात ठेवून करा.

बहुतेक वेळा चोर सापडतो तो एसक्यूएलच्या लॉग फाइलमध्ये (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी एलडीएफ फाइल). डेटा १८ जीबी आणि एलडीएफ १४० जीबी, असं चित्र दिसलं तर डेटाबेस फुल रिकव्हरीवर (लॉगचा बॅकअप होईपर्यंत लॉग साठवत राहणाऱ्या सेटिंगवर) आहे आणि लॉगचा बॅकअप कोणी घेतच नाही, असं समजायला हरकत नाही. रोज रात्रीच्या फुल बॅकअपने लॉग रिकामा होत नाही. इथेच भलेभले फसतात. डिस्क पूर्ण भरली की एरर ९००२ (लॉग भरला) येते आणि एकही बिल सेव्ह होत नाही. एलडीएफ फाइल मात्र कधीही डिलीट करू नका.

लॉगचा बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या डब्यावर) घ्या, मग फक्त लॉग फाइल श्रिंक करा, म्हणजे तिचा आकार कमी करा. पहिल्या खेपेला आकार फारसा उतरला नाही तरी घाबरू नका: लॉगचा चालू भाग फाइलच्या शेवटी अडकलेला असतो. पुन्हा लॉग बॅकअप, पुन्हा श्रिंक. शून्यावर आणू नका, आठ-दहा जीबी राहू द्या. नंतर दर अर्ध्या तासाला लॉग बॅकअप लावा. दिवसभराच्या नोंदी पुन्हा टाकायची तयारी असेल तर सिंपल रिकव्हरीही चालते, त्यात लॉग आपोआप मोकळा होतो. डेटा फाइल रोज श्रिंक करायची सवय वाईट. इंडेक्स (डेटा पटकन शोधायच्या याद्या) विस्कटतात आणि फाइल पुन्हा तेवढीच फुगते.

सी ड्राइव्हवर विनएसएक्सएस फोल्डरमधलं (विंडोजच्या स्वतःच्या फाइली) हाताने काही उडवायचं नाही. डिस्क क्लीनअपमधून विंडोज अपडेट क्लीनअप चालवा. आयआयएसचे (विंडोजच्या वेब सर्व्हरचे) जुने लॉग बिनधास्त हलवा.

शेअर्ड फोल्डरमधली फाइल दुसऱ्या पीसीवरून डिलीट केली तर ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. म्हणून जुनी वर्षं आधी कॉपी करा, चार-दोन फाइली उघडून बघा, मगच मूळ काढा. हिशेबाचा डेटा तर काढूच नका, नुसता हलवा: कंपनी कायद्यानुसार वह्या ८ वर्षं लागतात, जीएसटीसाठी वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने.

हायपर-व्हीवर (एका मशीनवर व्हर्च्युअल मशीन चालवणारी विंडोजची सोय) एव्हीएचडीएक्स फाइली दिसल्या तर त्या बहुधा विसरलेल्या चेकपॉइंटच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची त्या वेळची स्थिती जपणाऱ्या नोंदींच्या, आहेत. एक्सप्लोररमधून उडवल्या तर व्हर्च्युअल मशीन गेलं. हायपर-व्ही मॅनेजरमधूनच चेकपॉइंट डिलीट करा, आणि त्या फाइली मूळ डिस्कमध्ये मर्ज होतानाही जागा लागते, म्हणून डिस्क ठार भरायच्या आत करा.