कुत्रा की मांजर, दत्तक की विकत: बडोद्यातील घराने निर्णय कसा घ्यावा

पिल्लू दत्तक घ्यावे की विकत आणावे, हा प्रश्न बहुतेक घरांत सर्वांत आधी निघतो. वास्तविक तो बराच नंतरचा आहे. कुत्रा साधारणपणे दहा ते पंधरा वर्षे जगतो, घरात राहणारी मांजर अनेकदा त्याहूनही जास्त, तेव्हा एवढी वर्षे त्या जनावराचे कोण करणार, हे आधी ठरवावे.

पहिली पायरी: माणसे मोजावीत. मुले नववीत असताना त्यांच्या हट्टापायी आणलेला कुत्रा, ती पुढे पुण्याला किंवा परदेशी शिकायला गेली तरी घरातच असतो आणि त्याला फिरवण्याचे काम आजी-आजोबांकडे येते. म्हणून सकाळचे फिरवणे, संध्याकाळचे फिरवणे, खाणे आणि दवाखाना यांपुढे मोठ्या माणसांची नावे लिहावीत. एखादी जागा रिकामी राहिली, तर कुत्र्याचा विचार सोडावा. मांजराला फिरवावे लागत नाही, मात्र तिच्या वाळूचा ट्रे रोज साफ करावा लागतो.

दुसरी पायरी: घर पाहावे. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात मांजर सुखाने राहील. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मात्र तिच्यासाठी खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी बसवणे आवश्यक आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, तरी भाड्याचे घर असल्यास मालकाशी आधी बोलून घ्यावे. विश्वामित्रीच्या पुराचे पाणी ज्या भागात शिरते, तेथील तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर ऑगस्ट २०२४ आठवून, घर सोडायची वेळ आली तर जनावर कोणाकडे न्यायचे, हे आजच ठरवावे.

तिसरी पायरी स्वयंपाकघराची, आणि आपल्याकडे तीच सर्वांत अवघड. अनेक मराठी घरांत मांस-मासे येत नाहीत. कुत्रा मिश्राहारी असल्यामुळे पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याचा आहार शाकाहारी ठेवणे काही प्रमाणात जमते. मांजराचे तसे नाही. मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य आहारातूनच पुरेसे मिळावे लागते, ते मुख्यतः मांस-मासळीत असते आणि ते कमी पडले की तिचे डोळे व हृदय बिघडते. दूधभातावर मांजर वाढते, ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी. पुष्कळ प्रौढ मांजरांना तर दूध पचतही नाही. घरात मांस चालत नसेल, तर निदान मांजरांसाठीचे तयार खाद्य चालेल का, हे घरातील ज्येष्ठांना स्पष्ट विचारावे, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर मांजर आणूच नये. कांदा, लसूण, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी ठरतात, कांदा-लसूण मांजरांनाही. तेव्हा उरलेला रस्सा किंवा बेदाणे घातलेला शिरा पानाखाली सरकवण्याची सवय मोडावी लागेल.

एवढे जमले, तरच दत्तक की विकत या प्रश्नाकडे यावे. माझे मत दत्तकाच्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण केवळ दया नव्हे. बडोद्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना नेमके तेच नीट जमत नाही. हस्की कुत्रा किंवा पर्शियन मांजर घ्यायची, तर एसीचे बिलही हिशेबात धरावे. आपल्या गल्लीतले देशी पिल्लू या हवेतच वाढलेले असते. शिवाय प्रौढ कुत्रा दत्तक घेतला, तर त्याचा स्वभाव आणि आकार आधीच दिसतो. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांना ही मोठी सोय आहे.

विकतच घ्यायचे असेल, तर २०१७च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागावा, पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी, आणि जो नुसते फोटो दाखवून पिल्लू घरपोच देतो म्हणतो, त्याला नकार द्यावा. केनल क्लबचा, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, दाखला वंश सांगतो, प्रकृती नव्हे.

दत्तक फुकट मिळाले तरी पुढचा खर्च तोच असतो. कुत्र्याच्या पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात, सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्याव्या लागतात. रेबीजची लस पिल्लू सुमारे तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे. जंतांचे औषध, गोचिडांचा बंदोबस्त आणि नसबंदी यांचा खर्च जवळच्या दवाखान्यात आधीच विचारून वर्षाचा आकडा काढावा.

शेवटी दिवस निवडावा. नवरात्रात रात्री उशिरापर्यंत लाउडस्पीकर चालतात आणि दिवाळीत फटाके, म्हणून त्या काळात नवे जनावर घरी आणू नये; घरातील एकाला आठवडाभर रजा मिळेल असे पाहावे आणि दुसऱ्याच दिवशी पशुवैद्याची वेळ घेऊन ठेवावी.