दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा?

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवताना ताणावी लागते, म्हणून नकाशावरची सरळ रेघ प्रत्यक्षात बहुतेकदा वळसा असते. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणा, तो जिथून जातो तो जवळचा रस्ता. लंडन ते न्यूयॉर्क दोरा ताणलात तर तो थेट कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरून जातो.

सुरुवातीला शहर नव्हे, विमानतळ पक्का करा. लंडनलाच अनेक विमानतळ आहेत. मग त्यांचे अक्षांश-रेखांश घ्या. लंडनचा हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. न्यूयॉर्कचा जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवा. इथे बेरीज ०.६४५ येते. तिचा उलट कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढला की ४९.८३ अंश मिळतात. पृथ्वीच्या मध्याशी होणारा एक अंश म्हणजे पृष्ठभागावर सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणजे अंतर ५,५४१ किलोमीटर. उत्तर भलतंच आलं तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) आहे का पाहा. मी एकदा अर्धा तास सूत्रातच चूक शोधत बसलो होतो. एक ठिकाण पूर्वेला आणि दुसरं पश्चिमेला असेल तर पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लावायचं. एवढी खटपट नको असेल तर गूगल अर्थवरची मोजपट्टी हेच काम करते. आकडा सागरी मैलांत मिळाला तर १.८५२ ने गुणा.

अंतर काढणं सोपं, खरी गंमत वेळेत आहे. मोठी जेट विमानं उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात, पण हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला. अटलांटिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. वारा सरासरी ताशी १०० किलोमीटर धरला, तर लंडनकडे येताना वेग १,००० होतो आणि साडेपाच तास लागतात. जाताना ८०० उरतो आणि जवळपास सात तास. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं यांचा अर्धा-पाऊण तास धरा. वेळापत्रकातही साधारण असाच फरक दिसतो: येताना सात तास, जाताना आठ. थेट विमान नसेल तर प्रत्येक टप्प्याचं गणित वेगळं करून मधला थांबा मिळवा.

विमान दोऱ्याच्या रेघेवरूनच जाईल असंही नाही. फिनलंडमधलं हेलसिंकी ते टोकियो अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर; पूर्वी रशियावरून जाताना साडेनऊ तास पुरायचे. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. म्हणून काढलेला वेळ एकदा वेळापत्रकाशी ताडून बघा.

पण वेळापत्रक वाचताना घड्याळ फसवतं. तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला उतरलात, म्हणजे तीन तास नव्हेत. दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत आणा: हिवाळ्यात निघणं ११:००, उतरणं १९:००, म्हणजे आठ तास. मार्चमध्ये जरा जपून. अमेरिका घड्याळ ब्रिटनच्या दोन-तीन आठवडे आधी पुढे करते, तेवढ्या दिवसांत पाच तासांचा फरक चारच राहतो.