‘बॅटरी’ म्हणजे तोफखाना नव्हे: घरच्या कागदांवरून चिलखती मोटारींची तुकडी शोधताना

नाशिक-देवळाली पट्ट्यात जुन्या लष्करी कागदावर ‘बॅटरी’ हा शब्द दिसला की पणजोबा तोफखान्यात होते, असं घरात ठरूनच जातं. नाशिकरोडला तोफखान्याचं केंद्र, देवळालीला तोफखान्याची शाळा. दुसरं काही सुचणार तरी कसं? पण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ‘लाइट आर्मर्ड मोटर बॅटरी’ नावाच्या तुकड्या होत्या आणि त्यांचा तोफखान्याशी संबंध नव्हता. रोल्स रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’ची चॅसी, त्यावर पोलादी पत्रा, फिरता टरेट (म्हणजे गाडीच्या माथ्यावरचा बुरूज), टरेटमध्ये एक व्हिकर्स मशिनगन आणि मागे जोडचाकं. या तुकड्या मशिनगन कोअरच्या मोटार शाखेत मोडत. म्हणून कागदावर ‘एल.ए.एम.बी.’ किंवा ‘ए.एम.यू.’ (आर्मर्ड मोटर युनिट, ही भारतातली) अशी अक्षरं असतील, तर नाशिकरोडच्या तोफखाना रेकॉर्ड्सला अर्ज करून काही हाती लागणार नाही.

दुसरी गफलत याहून मोठी. या गाड्यांवरचे मशिनगनवाले आणि चालक बहुतेक ब्रिटिश असत. सोबतचे हिंदी, म्हणजे भारतीय, लोक असत ते मालमोटारींचे ड्रायव्हर, स्वयंपाकी, भिस्ती, सफाईवाले. ते तुकडीत राबत, पण त्यांची नोंद राही मूळ खात्यात, ‘सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोअर’मध्ये. याच खात्याचं १९२३ साली ‘इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर’ झालं आणि १९३५ मध्ये त्याला ‘रॉयल’ लागलं. म्हणून कागदात मूळ खातं एक आणि ‘अटॅच्ड’ म्हणून दुसरीच तुकडी दिसली, तर ती चूक समजून खोडू नका. शोध घ्यायचा तो मूळ खात्याच्या नंबरावर. तुकडीचं नाव घरात पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातं. नंबर आणि तारखा सहसा बदलत नाहीत.

ट्रंक उघडताना घाई नको. आधी कागद ज्या क्रमाने ठेवलेत त्याच क्रमात मोबाइलने फोटो घ्या. कोणता कागद कोणाला चिकटून होता यातूनही माहिती मिळते. गंजलेल्या टाचण्या ओढू नका. टाचणीच्या दोन्ही बाजूंना पातळ पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ती अलगद सोडवा. घडीवर फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर कधीच नको. आपल्याकडे पावसाळ्यात कागदाला दमटपणा धरतो आणि कसर लागते, म्हणून हे काम हिवाळ्यात काढलेलं बरं. फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि मागची बाजूही सोडू नका. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला नंबर तिथेच सापडतो. प्रत्येक वस्तूला मऊ पेन्सिलीने क्रमांक द्या आणि वहीत त्याच क्रमांकापुढे नोंद ठेवा. पीव्हीसीच्या चकचकीत पिशव्या फोटोला चिकटतात, पॉलिस्टरच्या घ्या.

पदकांना पितांबरी, चिंच, ब्रासो यातलं काहीही लावू नका. सगळं महत्त्वाचं असतं कडेवर: नंबर, हुद्दा, नाव, खातं. घासून घासून नेमकं तेच पुसलं जातं. खोलीत अंधार करून टॉर्च आडवा धरा आणि पदक हळूहळू फिरवत वाचा. १९१४-१५ चा स्टार असेल तर नाव पाठीवर. ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी कांस्याचं असेल, तर तो माणूस बहुधा ‘फॉलोअर’ (स्वयंपाकी, भिस्ती यांच्यासारखा न लढणारा नोकर) किंवा मजूर दलातला होता. ही खूण फार उपयोगी आहे. पदकाच्या फितीवर ‘अफगाणिस्तान एन.डब्ल्यू.एफ. १९१९’ ही धातूची पट्टी असेल तर शोध वायव्य सरहद्दीकडे वळवा, ‘इराक’ असेल तर १९१९-२० कडे. दुसऱ्या महायुद्धाची ब्रिटिश सैनिकांना दिलेली पदकं बिननावाची असत; हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव घातलेलं असतं.

पत्रांत तारखेचा गोंधळ हमखास होतो. मोडीतल्या किंवा जुन्या बाळबोध पत्रावर शके असतो आणि आपण डोळे मिटून ७८ मिळवतो. चैत्रापासून पौषाच्या मध्यापर्यंत ते चालतं. जानेवारी लागल्यापासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. उदाहरण घ्या. खान बगदादीची लढाई मार्च १९१८ च्या अखेरची. चिलखती मोटारींनी तिथे पळत्या तुर्की फौजेचा दूरवर पाठलाग केला होता. तेव्हा आपल्याकडे फाल्गुन शके १८३९ चालू होता. ७८ मिळवलेत तर १९१७ येईल आणि पत्र वर्षभर आधीच्या, बगदाद पडलं त्या मार्चमध्ये जाऊन बसेल. मोडी येत नसेल तर मोडी वाचणाऱ्याला स्कॅन पाठवा, मूळ कागद नाही.

सेन्सॉरमुळे पत्रात ठिकाण नसतं, म्हणून तिकिटं आणि शिक्के बघा. हिंदुस्थानच्या तिकिटावर ‘आय.ई.एफ.’ (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) छापलेलं असेल तर ते परदेशी गेलेल्या फौजेचं. फौजांना अक्षरं होती: ‘ए’ फ्रान्स, ‘बी’ आणि ‘सी’ पूर्व आफ्रिका, ‘डी’ मेसोपोटेमिया, ‘ई’ आणि ‘एफ’ इजिप्तकडे, ‘जी’ गॅलिपोली. फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख दोन्ही टिपा, कारण तेच ऑफिस पुढे दुसऱ्या गावी हललेलं असू शकतं. आणि तिकीट पाण्यात सोडवून काढू नका. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा लिफाफ्यावर असतो.

फोटोतली गाडी ओळखताना नुसत्या टरेटवर जाऊ नका. भारतासाठी बनवलेल्या रोल्स रॉइस आणि १९२० च्या दशकातल्या क्रॉसली, दोन्हींना घुमटासारखा टरेट होता. त्यात आणखी भर म्हणजे १९३९ मध्ये क्रॉसलीच्या बॉड्या उतरवून शेव्हर्लेच्या चॅसीवर चढवल्या गेल्या. त्यामुळे वरून १९२५ ची वाटणारी गाडी १९४१ ची असू शकते. निर्णय चाकं बघून करा. जुन्या क्रॉसलीची चाकं अरुंद, शेव्हर्लेवर हवेचे फुगीर टायर. फोटोत हिंदी जवान टरेटमध्ये उभा असेल तर काळ जवळपास नक्कीच नंतरचा. सिंध हॉर्स आणि १३वी लान्सर्स या पहिल्या हिंदी रिसाल्यांनी घोडे सोडून गाड्या घेतल्या त्या १९३८ मध्ये. प्रत्यक्ष तुलना करायची तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइस चिलखती मोटार उभी आहे. स्कॅन मोबाइलमध्ये घेऊन जा आणि बोनेट, चाकांच्या कड्या, दारांचे रिव्हेट एकेक करून ताडून पाहा.

एवढं जमल्यावर पत्रव्यवहार. चिलखती दलाची रेकॉर्ड्स अहिल्यानगरला, मराठा लाइट इन्फन्ट्रीची बेळगावला, ईएमईची (लष्कराची यंत्रं-वाहनं दुरुस्त करणारं खातं) सिकंदराबादला. दुसऱ्या महायुद्धातल्या माणसासाठी हीच दारं. अर्जात नंबर, हुद्दा, वडिलांचं नाव, गाव-तालुका आणि नात्याचा पुरावा द्या. आडनावाच्या जागी त्या काळी जात लिहिलेली असते आणि ‘निफाड’, ‘येवला’ यांची इंग्रजी स्पेलिंग कशीही केलेली असतात, म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका. पेन्शन मिळत असेल तर पीपीओचा (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर जोडा. अर्जाची भाषा जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

पहिल्या महायुद्धातल्या तुकडीसाठी लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या युद्ध-रोजनिश्या पाहा. मालिकेचं नाव डब्ल्यू.ओ. ९५. रोजनिशीत आपल्या माणसाचं नाव मिळेल ही आशा मात्र धरू नका. अधिकाऱ्यांची नावं असतात. बाकीच्यांची ‘एक फॉलोअर जखमी’ इतक्यात बोळवण होते. म्हणून वहीत दोन रकाने पाडा: डावीकडे घरच्या कागदातली तारीख आणि ठिकाण, उजवीकडे रोजनिशीतलं त्याच दिवसाचं ठिकाण. तीन-चार ओळी जुळल्या तर तुकडी तीच समजायला हरकत नाही. एकच जुळली तर वहीत ‘संभाव्य’ असं लिहा आणि दुसऱ्या बॅटरीची रोजनिशी मागवा.