जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड: पास सगळ्यात शेवटी घ्या

युरोपला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "कुठला पास घ्यायचा?" मग युरेल, स्विस ट्रॅव्हल पास, बायर्न तिकीट अशा रेल्वे पासांच्या किमतींवर आठवडाभर चर्चा होते आणि नक्की कुठे जायचं ते अजून ठरलेलंच नसतं. हा क्रम उलटा आहे. आधी महिना, मग विमानाची दोन शहरं, मग मुक्काम, मग वेळ ठरलेली तिकिटं, आणि सगळ्यात शेवटी पास. या क्रमाने गेलात तर निम्म्या वेळा लक्षात येतं की मोठ्या पासाची गरजच नव्हती.

महिना

आपल्याकडच्या सुट्ट्या म्हणजे मे, दिवाळी आणि नाताळ. मे महिना चांगला. उजेड रात्री नऊपर्यंत असतो, डोंगरांवर बर्फ असतो आणि खाली फुलं. मात्र आल्प्समधले फुर्का आणि ग्रिमझेलसारखे उंच घाटरस्ते तेव्हा बहुधा बंदच असतात, तेव्हा ते यादीत धरू नका. मेअखेर किंवा जूनमध्ये बव्हेरियातल्या, म्हणजे म्युनिकच्या राज्यातल्या, शाळांना दोन आठवडे सुट्टी असते, त्या काळात म्युनिकच्या आसपासची गर्दी वाढते.

नोव्हेंबर मला फारसा पसंत नाही. अनेक केबलकार वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असतात आणि पाचच्या आत अंधार पडतो. दिवाळीतच जाणं भाग असेल तर डोंगर कमी आणि शहरं जास्त ठेवा. डिसेंबरमध्ये जायचं तर नाताळच्या बाजारांसाठी जा. ते बहुतेक ठिकाणी २३-२४ तारखेला आवरतात, त्यामुळे २६ ला उतरलात तर रिकामे चौक बघावे लागतील.

विमान: एका शहरात उतरा, दुसऱ्यातून परता

मुंबईहून फ्रँकफर्ट, म्युनिक आणि झुरिकला थेट विमानं आहेत. तिकीट काढताना मल्टी-सिटीचा पर्याय निवडून जाताना फ्रँकफर्ट आणि येताना झुरिक घेतलंत की पुन्हा मागे येण्याचा अख्खा दिवस वाचतो. दर बऱ्याचदा परतीच्या तिकिटाइतकाच पडतो. दोन्ही विमानतळांच्या खालीच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे, म्हणजे शहरात जाण्यासाठी टॅक्सी लागत नाही.

मुक्काम: रात्री मोजा

बारा रात्रींसाठी मी असा बेत सुचवेन: कोलोन २, म्युनिक ४, साल्झबर्ग २, इंटरलाकेन ४. यात बर्लिन नाही, व्हिएन्ना नाही. नातेवाईक नाक मुरडतील, मुरडू द्या. बर्लिन ते म्युनिक सगळ्यात वेगवान गाडीलाही चार तास लागतात आणि साल्झबर्गहून व्हिएन्ना अडीच तासांवर आहे. ही दोन्ही शहरं तीन-तीन दिवस मागतात. ती हवीच असतील तर स्वित्झर्लंड वगळा, पैसेही बरेच वाचतील.

मुक्काम जितके कमी तितकं बरं. दर वेळी हॉटेल बदललं की चेक-आउट, बॅगा, स्टेशन, बॅगा, चेक-इन यात अर्धा दिवस जातो. हॉटेल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत असावं. सोबत आजी-आजोबा असतील तर त्यासाठी रात्रीमागे थोडे जास्त पैसे गेले तरी ते वसूल होतात.

हॉटेल निवडताना एक प्रश्न जरूर विचारा: राहणाऱ्यांना स्थानिक प्रवासाचं कार्ड मिळतं का? इंटरलाकेन, बाझल आणि ब्लॅक फॉरेस्टच्या बऱ्याच गावांत ते मिळतं. साल्झबर्ग राज्यात तर मे २०२५ पासून मुक्कामी पाहुण्यांना राज्यभरच्या सार्वजनिक वाहतुकीचं तिकीट मिळतं. म्हणजे १५० नंबरच्या बसने वोल्फगांग तलावाकाठच्या सांक्ट गिल्गेनला जाऊन येणं फुकट. मोत्झार्टच्या आईचं हे जन्मगाव, मागे डोंगर, पुढे निळं पाणी. हालश्टाट या तलावाकाठच्या प्रसिद्ध गावाला जाऊन येण्यात पाचेक तास घालवून गर्दीत फोटो काढण्यापेक्षा मला हे गाव उजवं वाटतं.

व्हिसा

तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री समसमान असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. वरच्या बेतात जर्मनीच्या सहा रात्री होतात, म्हणून अर्ज जर्मनीकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी अडचण असते, तेव्हा ती आधी धरा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं फुकट रद्द होणारीच घ्या.

वेळ ठरलेली तिकिटं

आता बेताचे खिळे ठोकायचे. काही ठिकाणी ठरावीक वेळेचं तिकीट लागतं आणि ती वेळ हुकली की पैसे गेले. नॉयश्वानश्टाईन किल्ला त्यातला पहिला. बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. आतली फेरी जेमतेम अर्ध्या तासाची आणि आत फोटो काढू देत नाहीत.

इथे वेळ मागून पुढे मोजत या. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत गाडीने दोन तास, तिथून किल्ल्याच्या पायथ्याच्या होहेनश्वानगाऊला बस, मग वर चढायला अर्धा-पाऊण तास. बायर्न तिकीट हे पाच जणांपर्यंत एकत्र चालणारं बव्हेरियाचं दिवसभराचं तिकीट. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच लागू होतं. ९ नंतरची गाडी धरली तर फ्युसेनला पोचेपर्यंत १२ वाजत येतात. म्हणून किल्ल्याची वेळ दुपारी दीड-दोनच्या आधीची घेऊ नका. शनिवार-रविवारी ही ९ ची अट नसते, पण गर्दी असते. मारियनब्रुक पुलावरून दिसणारं किल्ल्याचं दृश्य मात्र फुकट आहे. किल्ल्याचं तिकीट मिळालं नाही तरी नुसत्या त्यासाठी जावं.

बर्लिनला जाणार असाल तर राइशटाग या संसदभवनाच्या काचेच्या घुमटासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करा. प्रवेश फुकट आहे, पासपोर्ट जवळ हवा. व्हिएन्नात शोनब्रुन राजवाड्यालाही वेळेचं तिकीट असतं. सोमवारी पुष्कळ संग्रहालयं बंद असतात, तेव्हा सोमवार प्रवासाला ठेवा. आणि दिवसाला असा एकच खिळा. उरलेला दिवस सुटा असू द्या.

जर्मनीतली रेल्वे

जर्मन रेल्वेची लांब पल्ल्याची तिकिटं विमानासारखी आहेत, लवकर काढली तर स्वस्त. सुपर स्पारप्राइस सगळ्यात स्वस्त, पण रद्द होत नाही. स्पारप्राइस थोडं महाग, पण प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत शुल्क कापून रद्द करता येतं. दोन्ही त्याच ठरलेल्या गाडीला बांधलेली. फ्लेक्सप्राइस महाग, पण त्या दिवशी कुठल्याही गाडीने जा. उतरण्याच्या दिवशी स्वस्त तिकीट काढायचं तर विमान आणि गाडी यांत तीन तास सोडा. शेंगेन हद्दीवर आता बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, रांग कितीची लागेल याचा नेम नाही.

जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही समजूत विमानातच सोडून द्या. उशीर होतो, भरपूर होतो. पण नियम प्रवाशाच्या बाजूचे आहेत. मुक्कामी पोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की तिकिटावरचं गाडीचं बंधन सुटतं आणि दुसरी गाडी पकडता येते. पोचायला तासाभराचा उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा परत, दोन तासांचा झाला तर निम्मा. रेल्वेच्या ॲपमधून मागणी करता येते. गाडी बदलायला आठ मिनिटं दाखवणारं कनेक्शन घेऊ नका, किमान २५ मिनिटं ठेवा.

तिकीट म्हणजे जागा नव्हे. आरक्षणाचे वेगळे पाच-सहा युरो, ते देऊन टाका. नसेल तर आसनावरची छोटी पाटी बघा. तिथे दोन स्टेशनांची नावं दिसत असतील तर तेवढ्या टप्प्यासाठी जागा घेतलेली आहे, पाटी कोरी असेल तर खुशाल बसा. फलाटावर A पासून पुढे अक्षरांचे फलक लटकत असतात आणि आपला डबा कुठल्या अक्षरापाशी येईल ते ॲपमध्ये दिसतं. ऐन वेळी डब्यांचा क्रम उलटा असल्याची घोषणा झाली की सगळा फलाट बॅगा ओढत पळू लागतो. काही गाड्या वाटेत दोन तुकड्यांत फुटतात आणि वेगवेगळ्या गावांना जातात, म्हणून डब्याच्या दारावर लिहिलेलं गाव वाचूनच चढा.

कोलोनचं कॅथेड्रल स्टेशनच्या दारातच आहे. १२४८ मध्ये सुरू झालेलं काम १८८० मध्ये पुरं झालं, मनोरे १५७ मीटरचे. वर जायला ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही.

कोलोनहून म्युनिकला जाताना ॲप तुम्हाला फ्रँकफर्टवरून जाणाऱ्या वेगवान मार्गावर घालेल. त्या मार्गावर बोगदे आणि महामार्ग दिसतो. त्याऐवजी 'मार्गे'च्या रकान्यात कोब्लेन्झ आणि माइन्झ टाका. तासभर जास्त लागेल, पण गाडी ऱ्हाइनच्या अगदी काठाने जाते. डावीकडच्या खिडकीत बसा. कोब्लेन्झ ते बिंगेन हा टप्पा २००२ पासून जागतिक वारसा आहे. डोंगरउतारांवर द्राक्षमळे, प्रत्येक वळणावर एक किल्ला, आणि सांक्ट गोआरपाशी पलीकडच्या काठावर लोरेलायचा १३२ मीटरचा सुळका. वेळ असेल तर या टप्प्यातला एखादा तुकडा बोटीने करा.

डॉइशलांड तिकिटाची जाहिरात तुमच्याही नजरेस पडेल. जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो, त्यात जर्मनीभरच्या लोकल, बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्या, अगदी साल्झबर्ग स्टेशनपर्यंत. दोन गोष्टी मात्र बघा. वेगवान आयसीई गाड्यांत ते चालत नाही. आणि ते मासिक वर्गणीचं तिकीट आहे, चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात.

साल्झबर्गहून स्वित्झर्लंड

साल्झबर्गहून झुरिकला ऑस्ट्रियन रेल्वेची रेलजेट थेट जाते, सुमारे साडेपाच तास. हा दिवस वाया गेला असं मानू नका. इन्सब्रुकनंतर आर्लबर्गचा घाट लागतो, स्वित्झर्लंडमध्ये शिरल्यावर उजव्या हाताला वालेनझे तलाव आणि त्यामागे सरळ उभे कडे. डबे वाटेत सीमेवरच्या बुख्सला दिशा बदलतात, तेव्हा पुढे तोंड करून बसलेले तुम्ही पाठमोरे व्हाल. स्विस पास त्याच दिवशी सुरू करणार असाल तर तिकीट बुख्सपर्यंतच पुरतं. तरी झुरिकपर्यंतच्या सवलतीच्या तिकिटाचा दर बघून घ्या, कधीकधी तेच स्वस्त निघतं.

आता पास

स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ लागोपाठ दिवसांचा मिळतो. त्यात गाड्या, बस, तलावातल्या बोटी, ५०० हून जास्त संग्रहालयं, आणि रिगी व श्टानझरहॉर्नसारखे डोंगरही येतात. टिटलिस शिखराला निम्मी सूट, इंटरलाकेनजवळच्या युंगफ्राउयोख या डोंगरमाथ्यावरच्या स्टेशनला मात्र वरच्या टप्प्यावर पावच. दुसरा पर्याय हाफ फेअर कार्ड, म्हणजे भाडी निम्मी करणारं कार्ड. त्यावर या दोन्ही ठिकाणी निम्मी सूट मिळते.

हिशेब सोपा आहे. चार दिवसांत कुठे कुठे जाणार ते कागदावर मांडा, स्विस रेल्वेच्या ॲपमधून प्रत्येकाचं पूर्ण भाडं लिहा. एका रकान्यात पासाची किंमत आणि डोंगरांचा उरलेला खर्च, दुसऱ्यात कार्डाची किंमत आणि सगळ्या भाड्यांची निम्मी बेरीज. एकाच गावी राहून एक-दोन डोंगर करणाऱ्यांना बहुधा कार्ड परवडतं, रोज नवं शहर गाठणाऱ्यांना पास. आई-वडिलांसोबत १६ वर्षांखालची मुलं असतील तर दोन्हींसोबत फॅमिली कार्ड फुकट मागून घ्या, मुलांचा बराचसा प्रवास त्यावर होतो.

युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे. त्याचं तिकीट घरी बसून तारखेसह काढू नका. सकाळी उठून वरचा वेबकॅम बघा. ढग असतील तर इतके पैसे मोजून पांढरी भिंत दिसेल. त्या दिवशी ब्रिएन्झ तलावात बोटीने फिरा, बर्नला जाऊन या, किंवा लाउटरब्रुनेनजवळ डोंगराच्या पोटातले ट्र्युमेलबाखचे धबधबे बघा. भर उन्हाळ्यात वरच्या गाडीत जागा आरक्षित करावी लागू शकते, ती आदल्या संध्याकाळी हवामान बघून करा. वर हवा विरळ असते, ज्येष्ठांनी सावकाश चालावं.

बॅग भरताना

तूप, पेढे, श्रीखंड बॅगेत घालू नका. भारतातून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. भाजणी, चटण्या, तेलातली दशमी चालते. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतलं सुपरमार्केट तेवढं उघडं असतं, म्हणून शनिवारीच दही-ब्रेड-फळं आणून ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. बाटली विकत घेतलीच तर जर्मनीत त्यात बहुधा २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटमधल्या यंत्रात बाटली टाकून ती परत मिळते.

युरोपचं सिमकार्ड घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का ते विचारा, तो देश युरोपीय संघात नाही आणि काही प्लॅन सीमेवर बंद पडतात. प्लगचंही तसंच. मोबाइल चार्जरच्या बारीक दोन पिना तिन्ही देशांत बसतात, पण जर्मन पद्धतीचा जाड गोल प्लग स्विस भिंतीत शिरत नाही. आणि फ्रँकमधली सुटी नाणी शेवटच्या सकाळी झुरिक स्टेशनवर कॉफीत संपवा, आपल्याकडे कोणी बदलून देत नाही.