कूलर बंद करायच्या आधी

मे महिन्यात नागपुरातल्या घरात कूलर बंद करायला सांगणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बाहेर पारा ४५ वर, भिंतींना हात लावला तर चटका, आणि मी घरच्यांना म्हणायचे, "अर्धा तास कूलर बंद ठेवा, मला रेकॉर्डिंग करायचं आहे." तो अर्धा तास कधीच अर्धा तास नसायचा. पाटोडीच्या रश्श्याबद्दल बोलताना एक वाक्य अडखळायचं, मग भंगारवाला ओरडत जायचा, मग शेजारचा कुकर शिट्टी द्यायचा. दीड तासानं घामानं निथळत बाहेर यायचे, तर सासरे डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन अंगणातल्या कडुनिंबाखाली बसलेले. बोलायचे काही नाहीत. फक्त विचारायचे, "झालं का वं? लावू का आता?"

यूट्यूबवर चॅनेल सुरू करणाऱ्या नव्या मुली मला विचारतात, ताई कॅमेरा कोणता घेऊ, माइक कोणता घेऊ. मी आधी विचारते, घरात माणसं किती, खोल्या किती? ऑफिसात नोकरी करणाऱ्याच्या कामाचा गोंगाट ऑफिसात राहतो. आपल्या कामाची शांतता मात्र घरच्यांनी द्यायची असते, आणि ती फुकटची नसते.

माझी सुरुवात २०२० च्या लॉकडाऊनमधली. इतवारीतल्या एका दुकानात हिशेब लिहायचे, ते काम सुटलं आणि वऱ्हाडी स्वयंपाकाचं चॅनेल सुरू केलं. पुडाच्या वड्या, गोळाभात, पाटोडी. पहिली दोन वर्षं मला वाटायचं की हे घरातलंच काम, त्याला वेळ कसला लागतो! नवऱ्यालाही तसंच वाटायचं. "आठ मिनिटांचा तर व्हिडिओ आहे," असं तो एकदा म्हणाला. भांडले नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तास लिहायला लागले. कॉटन मार्केटातून सांबार आणायला एक (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला पुणेकर प्रेक्षकांना अजून दर व्हिडिओत सांगावं लागतं), शूटिंगला अडीच, ओटा आवरायला अर्धा, आवाजाला एक, एडिटिंगला तीन, थंबनेल (व्हिडिओवर आधी दिसणारं चित्र) आणि शीर्षकाला एक. नऊ तास. महिनाभर तो आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहिला आणि घरातलं बोलणंच बदललं. मी न मागता संध्याकाळच्या पोळ्या नवऱ्याकडे गेल्या. पोळ्या जाड होतात, पण होतात.

कूलरचा तोडगा मात्र फार उशिरा सुचला, याचं आजही हसू येतं. कूलरच्या आवाजानं चित्राचं काही बिघडत नाही, बिघडतं ते फक्त बोलणं. मग शूटिंग करताना बोलायचंच कशाला? आता मी कूलर सुरू ठेवून मुकाट्यानं स्वयंपाक शूट करते. फोडणीचा चर्र आवाज हवा असेल तर तेवढ्यापुरतं एक मिनिट बटण बंद. बोलणं नंतर, मुद्दे कागदावर लिहून, कपाटासमोर गादी उभी करून, डोक्यावरून रजई घेऊन. उन्हाळ्यात रजईत शिरलेली बाई बघून मुलगी अजून हसते. पण दीड तासाचं काम वीस मिनिटांवर आलं, आणि तीही पहाटेची, जेव्हा कूलर नसला तरी चालतो.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. एका वर्षी मसाल्याच्या एका कंपनीनं सणाचा व्हिडिओ मागितला होता आणि मी पूजेच्या दिवशीच शूटिंग धरलं. सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, सगळं ताटात मांडून तयार. सासूबाई ताट घेऊन निघाल्या, तर मी म्हटलं, "आई, एक मिनिट." पुरणपोळीवर तूप सोडायचा शॉट तीनदा घेतला. धार कधी जाड पडली, कधी माझी सावली आली. सवाष्णी बसून होत्या, उदबत्ती संपत आली होती. शेवटी ताट उचलताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "देवीच्या आधी मोबाईल जेवला."

तो व्हिडिओ चाललाही नाही. चालणार कसा? लोक पुरणपोळी शोधतात सणाच्या आधी, आणि मी टाकली सण उलटल्यावर. तेव्हापासून सणाचा पदार्थ दहा-बारा दिवस आधी, साध्या वारी शूट होतो. सणाच्या दिवशी फोन फडताळात. कंपनीला आधीच तशी तारीख सांगते. एकीनं काम काढून घेतलं, बाकीच्यांना काही फरक पडला नाही. ठरलेल्या जाहिरातीवर "सशुल्क" असं स्पष्ट लिहायचं, हेही आधीच बोलून घ्या. नंतर कुरबुरी होतात.

मुलीचं वेगळं. ती पाच वर्षांची असताना कारल्याची भाजी खाताना रडली, तो शॉर्ट, म्हणजे छोटा व्हिडिओ, मी टाकला. भरपूर बघितला गेला. दोन वर्षांनी शाळेतल्या मुलांनी तिला "कारलं" म्हणायला सुरुवात केली. त्याच संध्याकाळी व्हिडिओ काढून टाकला, पण मुलांच्या तोंडून तो कसा काढणार? आता ती दिसत नाही. कधी हात दिसले तर तिला विचारून. लहान मूल दिसलं की यूट्यूब बरेचदा कमेंट आपोआप बंद करतं, तेव्हा व्यवहार म्हणूनही त्यात फार अर्थ नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. लांब व्हिडिओंच्या जाहिरातींसाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघणं झालेलं लागतं. जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा आपला, शॉर्ट्समध्ये ४५. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय रक्कम निघत नाही. निघाली की २१ ते २६ तारखेच्या दरम्यान. दिवाळीत बरे पैसे येतात, जानेवारीत आकडा असा घसरतो की आपलंच काही चुकलं असं वाटतं. चुकलेलं नसतं, जाहिराती कमी झालेल्या असतात. म्हणून घरखर्च या पैशावर लगेच टाकू नका. माझ्या व्हिडिओत वड्या वळणारे हात सासूबाईंचे असतात, त्यांचा वाटा मी दर महिन्याला त्यांच्या पोस्टाच्या खात्यात भरते. आधी नको म्हणाल्या. आता पासबुक स्वतः भरून आणतात.

सगळ्यात जास्त खाल्लं मला आकड्यांनी. व्हिडिओ टाकला की यूट्यूबचं स्टुडिओ ॲप सांगतं, मागच्या दहा व्हिडिओंत हा कितवा. दहापैकी नववा दिसला की जेवणात मीठ कमी-जास्त व्हायचं, खरंच. रात्री तीनला उठून बघायचे. शेवटी ते ॲप फोनमधून काढलं. सोमवारी सकाळी लॅपटॉपवर एकदा बघते, वहीत लिहिते, वही मिटते. हिवाळ्यात चार-पाच व्हिडिओ जास्तीचे करून ठेवते आणि उन्हाळ्यात तारीख लावून सोडते. मागच्या मे महिन्यात आठवडाभर माहेरी होते, प्रेक्षकांना कळलंही नाही.

आता आमच्याकडे उलटंच झालंय. मागच्या आठवड्यात दुपारी लाइट गेली. कूलर गपकन थांबला, गल्ली एकदम शांत झाली. मी पोहे निवडत बसले होते. आतून सासूबाई ओरडल्या, "लाइट गेली वं! घे लवकर बोलून!" आणि सासरे माझा फोन घेऊन, दुपट्टा सावरत, खोलीकडे निघाले.